पंखांवरील चक्र

आपल्या विद्यालयाच्या दर्शनी दालनात तथागतांच्या मूर्तीसमोरील भिंतीलगत एक चंदेरी विमान टांगलेले आहे. अलीकडे भेटीस येणारे माजी विद्यार्थी प्रथम मूर्तीस वंदन करतात, मागे वळतात आणि मान वर करून विचारतात, "सर, हे कधी आणले?" ते आणलेले नाही. ते याच आवारात, भोजनगृहामागील पत्र्याच्या शेडमध्ये, आपल्या विद्यार्थ्यांच्या हातांनी घडले. संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा संस्थेच्या वाटचालीवर लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु ते काम आमच्याहून अधिकारी माणसांनी या स्मरणिकेत केलेच आहे. म्हणून त्या विमानाचीच हकीकत सांगतो. तीत आम्हांला शिकवणारे पुष्कळ होते.

प्रारंभ झाला २६ नोव्हेंबर २०२२ रोजी. संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रध्वजाविषयी बोलताना आम्ही सांगितले की, ध्वजाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीत बाबासाहेबांचा समावेश होता, २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने ध्वज स्वीकारला आणि त्यावरील चोवीस आऱ्यांचे चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतलेले आहे. कार्यक्रम संपल्यावर नववीतील एक मुलगा मागे रेंगाळला. त्याने विचारले, "सर, हे चक्र ध्वजाखेरीज आणखी कशावर होते?" आम्हांला एक जुने छायाचित्र आठवले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, प्रजासत्ताक होण्यापूर्वी, भारताच्या हवाई दलाच्या विमानांवर आजची केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळे नव्हती. पांढऱ्या वर्तुळात निळे अशोकचक्र असे. १९५० नंतर ते चिन्ह बदलले. हे ऐकून तो मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे धम्मचक्र आकाशात उडत होते?" त्याच्या या एका वाक्याने पुढचे पाच महिने आम्हांला स्वस्थ बसू दिले नाही.

कोणते विमान करावे, हा प्रश्न इतिहासानेच सोडवला. डाकोटा हे डग्लस कंपनीच्या डीसी-३ या विमानाचे लष्करी रूप. मूळ विमानाने पहिले उड्डाण केले १७ डिसेंबर १९३५ रोजी. दुसऱ्या महायुद्धात त्याची लष्करी रूपे दहा हजारांच्या घरात तयार झाली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटची पहिली तुकडी श्रीनगरला उतरली ती डाकोटांतूनच. परंतु आमच्या मनात होती ती २४ मे १९४८ ची घटना. त्या दिवशी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेह येथे डाकोटा उतरवले. सुमारे साडेअकरा हजार फूट उंची, सिंधू नदीकाठची वाळूमातीची धावपट्टी, आणि त्या ठिकाणी त्यापूर्वी कधी विमान उतरलेले नव्हते. लेहला आक्रमकांचा वेढा पडण्याचे भय होते. जमिनीवरची वाट तुटलेली होती. त्या उड्डाणामुळे लडाखला सैनिक आणि सामग्री पोहोचण्याचा मार्ग खुला झाला.

ही धावपट्टी आपोआप सपाट झालेली नव्हती. सोनम नोरबू नावाचे एक लडाखी अभियंते हिवाळ्यातल्या बर्फातून एका लहानशा लष्करी तुकडीबरोबर झोजी ला पायी ओलांडून लेहला पोहोचले होते. त्यांच्या देखरेखीखाली लेहच्या लोकांनी, म्हणजे बहुतांशी आपल्याच धम्मबांधवांनी, हातांनी दगड वेचून आणि माती सारखी करून ती पट्टी तयार केली. इतिहासाच्या पुस्तकात वैमानिकाचे नाव येते, सेनानीचे येते, फार झाले तर अभियंत्याचे येते. दगड वेचणाऱ्यांची नावे येत नाहीत. वर्गात हे सांगताना आम्हांला वाटत होते की आपण विमानाची गोष्ट सांगत आहोत. तसे नव्हते, हे पुढे कळले.

प्रमाण ठरले एकास वीस. मूळ विमानाची लांबी ६४ फूट ५ इंच, पंखांचा विस्तार सुमारे ९५ फूट. म्हणजे आमची प्रतिकृती ९८ सेंटिमीटर लांब आणि १४५ सेंटिमीटर रुंद. आराखडा मोठा करून घेतला, मुलांनी थर्माकोलचे तुकडे जोडून विमानाचा धड-आकार कोरला, आणि त्यावर काचतंतूंची जाळी व रेझिन चढवावे असे आम्ही ठरवले. इतिहासाच्या शिक्षकाने रसायनशास्त्राच्या शिक्षकाला विचारण्याचे कष्ट घेतले नाहीत. रेझिनचा पहिला हात फिरताच थर्माकोल फसफसून खाली बसले आणि बारा दिवसांची मेहनत आमच्या डोळ्यांदेखत चिकट डबक्यात विरघळली. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असते आणि ते थर्माकोलला विरघळवते, हे आम्हांला आठवीतल्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून शोधून सांगितले. आम्ही मुलांची क्षमा मागितली.

मग आम्ही गावातील एका मूर्तिकाराकडे गेलो. ते फायबरच्या मूर्ती करतात. त्यांच्या अंगणात बाबासाहेबांचे सात-आठ अर्धपुतळे ओळीने उभे होते, कुणाला चष्मा बसायचा होता, कुणाच्या कोटाला निळा रंग लागायचा होता. एका बाजूला ध्यानस्थ बुद्धाचे दोन अर्धे साचे उघडे पडले होते. आतून पाहिले तर चेहरा खोलगट, नाक आत गेलेले. मुले ते पाहून थबकली. मूर्तिकार हसून म्हणाले, "साच्यात सगळं उलटं असतं. आत जे खोल, ते बाहेर उठून दिसतं." त्यांचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. ते रोज संध्याकाळी दोन तास शेडवर येऊ लागले आणि मोबदल्याचा विषय निघाला की बोलणे दुसरीकडे वळवू लागले.

त्यांनी आम्हांला पहिल्यापासून शिकवले. प्रथम प्लायवुडचे आडवे छेद कापून त्यांचा सांगाडा, त्यावर शाडूची माती, ओल्या हाताने आणि पत्र्याच्या पट्टीने गुळगुळीत केलेली. धडाचा साचा उजवा-डावा असा दोन भागांत, पंखांचा वरचा-खालचा असा. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे ते साचे पंधरा दिवस उन्हात वाळवले, लाखेचा हात दिला, मग मेणाचे थर चोळले, नाहीतर रेझिन साच्याला जन्माचे चिकटते. त्यानंतर जेलकोट, त्यावर काचतंतूंची मॅट, त्यावर रेझिन, पुन्हा मॅट. ब्रश ओढायचा नाही, टोचत जायचे, म्हणजे आतला हवेचा बुडबुडा निघून जातो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचे आणि हार्डनर त्यानंतरच घालायचे. ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत, स्फोट होतो. हा नियम त्यांनी शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवला. हार्डनर घालण्याचे काम त्यांनी मुलांकडे कधीच दिले नाही. हातमोजे आणि मुखपट्टी नसेल त्याला शेडमध्ये प्रवेश नसे, मग तो मुख्याध्यापक का असेना. एकदा हार्डनर जरा अधिक पडले तर मग्यातले रेझिन मिनिटांत तापून धूर सोडू लागले. "रेझिन कुणासाठी थांबत नाही," ते म्हणाले. "आपण आधी तयार राहायचं."

इंजिने हा वेगळाच धडा होता. डाकोटाला दोन इंजिने आणि प्रत्येकात १४ सिलिंडर, सातसातांच्या दोन ओळींत, मागची ओळ पुढच्या फटींतून दिसणारी. मूर्तिकारांनी लाकडाचा एकच सिलिंडर कोरला, त्याचा रबरी साचा घेतला आणि त्यात रेझिन ओतून २८ नग काढायला सांगितले. आम्ही काढले ४१. तेरा नगांत बुडबुडे राहिले होते. मुलांनी ते टाकून दिले नाहीत. ते आजही एका काचेच्या बरणीत विज्ञानकक्षात आहेत, "आमच्या चुका" अशी चिठ्ठी लावलेले.

जानेवारीत पालक मेळावा भरला. तोवर पंख आणि धड जोडून झाले होते, पुट्टी भरून झाली होती आणि घासण्याचे काम चालू होते. रेझिनच्या कामात खरे कष्ट येथेच. वॉटर पेपर पाण्यात बुडवून आधी १२० चा, मग २२०, ४००, ८०० चा, दिवसचे दिवस. ज्या मुलाने तो पहिला प्रश्न विचारला होता त्याचे वडील शेडपाशी आले. मुलगा कोपरापर्यंत पांढऱ्या रंध्याने माखलेला होता. ते काही वेळ पाहत राहिले. मग आम्हांला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, राग मानू नका. मी गवंडी. माझ्या बापानं पाट्या वाहिल्या, मी थापी धरली. धूळ तर घरीबी होती. त्यासाठी पोराला इथं कशाला ठेवलं असतं?"

आम्ही उत्तर दिले. श्रमप्रतिष्ठेविषयी बोललो. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी काय दाखवून दिले तेही सांगितले की, जात कामांची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगळ्या कप्प्यांत बंद करते आणि एकावर एक रचते. म्हणून काम नीच नसते, ते जन्माने लादणे नीच असते. सारे बरोबर होते. ते गृहस्थ मान हलवत ऐकत होते, जसे लोक भाषण ऐकतात. बोलता बोलता आमची दृष्टी आमच्याच हातांकडे गेली. तीस वर्षे खडूखेरीज दुसरे काही न धरलेले हात. शेडमध्ये आम्ही रोज उभे होतो, परंतु घासण्याचा कागद आम्ही एकदाही हाती घेतला नव्हता. वहीत नोंदी करत होतो. आमच्या घरातही वडिलांनी आम्हांला कधी अवजाराला हात लावू दिला नाही. तू फक्त वाच, असे ते म्हणत. त्यांचे ते म्हणणे प्रेमाचे होते आणि त्यामागे पिढ्यांचा अपमान होता. त्याच म्हणण्याने आमच्यात नकळत एक अंतर निर्माण केले होते आणि त्याला आम्ही शिक्षण म्हणत आलो होतो. लादलेले काम आणि निवडलेले काम यांतील फरक आम्ही त्या गवंड्याला समजावून सांगत होतो, आणि आम्ही स्वतः निवड कधी केलीच नव्हती.

आमचे बोलणे संपले. त्यांची एसटी संध्याकाळची होती. आम्ही त्यांना पंख पाहायला बोलावले, काही करता येण्यासारखे तेवढेच होते. त्यांनी पायातल्या वहाणा बाहेर काढल्या, जसे आपण विहारात शिरताना काढतो, हात धुऊन पुसले आणि डावा पंख खालून आधार देऊन धरला. मग डोळे मिटले आणि उजवा तळवा पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत एकाच लयीत फिरवला. पुन्हा फिरवला. "पेन्सिल द्या," म्हणाले, आणि तीन ठिकाणी लहान गोल काढले. आम्हांला तेथे काहीच दिसत नव्हते. मूर्तिकार मात्र लगेच उठले. त्यांनी पंखावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारला, तो वाळू दिला आणि मुलांना त्यावरून सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला कागद फिरवायला सांगितला. उंच भागावरचा काळा रंग निघून गेला. खोलगट भागात तो तसाच उरला. तो उरला नेमका त्या तीन गोलांत.

"डोळा फसतो. तळवा फसत नाही," ते गृहस्थ म्हणाले. "आणि पोरं बोटांनी घासतात, त्यानं चर पडतात. ठोकळ्यानंच घासायचं. भिंत असो नाहीतर हे असो." त्यांनी मुलाचा हात आपल्या हाताखाली घेतला आणि त्याला तो खोलवा जाणवेपर्यंत फिरवला. "लागला का?" मुलगा म्हणाला, "लागला, बाबा." मग आम्ही विचारले, आम्हांलाही दाखवाल का? त्यांनी आमच्याकडे जरा संकोचाने पाहिले. वयाच्या पन्नाशीत, आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी आमचा तळवा धरून आम्हांला पंख वाचायला शिकवला. पहिल्या दोन खेपांस काही कळले नाही. तिसऱ्या खेपेस कळले. त्या दिवसापासून एप्रिलपर्यंत आम्ही रोज तासभर घासायला बसलो.

चंदेरी रंग निर्दय असतो. साधी चरेसुद्धा तो झाकत नाही, उलट उजळून दाखवतो. म्हणून आधी राखाडी प्रायमर, मग चकचकीत काळा थर, आणि त्यावर मोटार रंगवणाऱ्या एका कारागिराच्या कॉम्प्रेसरने चंदेरीचे पातळ फवारे. खऱ्या विमानाचे सुकाणू आणि पंखांचे हलते भाग त्या काळी कापडाने मढवलेले असत. म्हणून तेवढ्या भागाची चमक मुद्दाम मंद ठेवली. पत्र्यांचे सांधे हॅक्सॉच्या पात्याच्या टोकाने आधीच कोरले होते. काही पत्रे किंचित गडद, काही फिके, कारण खरे विमान एकाच पत्र्याचे नसते.

शेवटी चक्र. पंखांवर वर दोन, खाली दोन आणि धडाच्या दोन्ही बाजूंस एकेक, अशी सहा चक्रे, प्रत्येक सात सेंटिमीटर व्यासाचे. गावातील रेडियमच्या दुकानात यंत्राने कापून मिळतील असे कुणी सुचवले. मुलांनी ते मानले नाही. थर्माकोलची चूक शोधणाऱ्या त्याच मुलीने कंपासने वर्तुळ काढले, त्रिज्येइतक्याच अंतराने परिघाचे सहा भाग पाडले, प्रत्येक कोन दुभागून बारा आणि पुन्हा दुभागून चोवीस केले. प्रत्येक दोन आऱ्यांमध्ये पंधरा अंश. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याने श्वास रोखून, बारीक ब्रशने, निळे आरे भरले. सहा चक्रांचे मिळून १४४ आरे. एकही पुसावा लागला नाही असे म्हणवत नाही. चार पुसावे लागले.

१४ एप्रिल २०२३ रोजी विमान दालनात टांगले. त्या दिवशी पंचक्रोशीतून लोक आले होते. एक वृद्ध आजी बराच वेळ खाली उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "गुरुजी, याच विमानानं बाबासाहेबांना आणलं ना?" त्यांचे वडील ६ डिसेंबर १९५६ च्या रात्री सांताक्रूझ विमानतळाबाहेरच्या गर्दीत होते. इतिहासाचा शिक्षक म्हणून आम्हांला खरे सांगणे भाग होते. आजी, ते विमान नागरी सेवेचे होते, हे हवाई दलाचे आहे. यावर चक्र का आहे ते असे, असे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी सारे ऐकून घेतले. "बरं केलंत सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पण माझा बाप म्हणायचा, त्या रात्री आम्ही सगळे आभाळाकडं बघत होतो. आता पोरं बघतील तर दुसऱ्या कारणानं बघतील." आणि त्यांनी हात जोडलेले तसेच ठेवले. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

ते गवंडी गृहस्थही आले होते. त्यांनी डाव्या पंखाखाली उभे राहून प्रकाश कसा घसरतो ते पाहिले आणि समाधानाने मान हलवली. निघताना म्हणाले, "काम चांगलं झालं, सर. पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पोराला विमानात बसवा. घासायला आम्ही होतो की." आम्ही म्हणालो, "बसवू." त्यांचा आग्रह रास्त आहे, आणि आमचाही विश्वास कायम आहे, ही दोन्ही वाक्ये एकाच शाळेने एकाच वेळी सांभाळली पाहिजेत, एवढे आम्हांला त्या पाच महिन्यांत उमगले. ज्याला पुढे विमान चालवायचे आहे त्याचा तळवाही जागा असावा, आणि ज्याचा तळवा जागा आहे त्याच्यासाठी कोणतेही दार बंद नसावे.

विमानाखाली एक पाटी आहे. तीवर विमानाचे नाव, प्रमाण आणि २४ मे १९४८ हा दिनांक आहे. त्याखाली लेहची धावपट्टी हातांनी सपाट करणाऱ्या स्त्री-पुरुषांना अभिवादन आहे. त्याखाली सत्तावीस विद्यार्थ्यांची, मूर्तिकारांची, रंगकाम करणाऱ्या कारागिराची आणि त्या पालकांची नावे आहेत, शिक्षणाची वा पदाची कोणतीही उपाधी न लावता, मराठी वर्णानुक्रमाने. आमचेही नाव त्यात मध्येच कोठेतरी आहे.

दर महिन्याच्या पौर्णिमेला वसतिगृहातील दोन विद्यार्थी शिडी लावून विमानावरील धूळ मऊ कापडाने पुसतात. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती एवढीच की, महोत्सवास याल तेव्हा शिडी मागा. डाव्या पंखाच्या वरच्या बाजूवर, मुळापासून एक वीत अंतरावर, डोळे मिटून तळवा ठेवा. तेथे एक खोलवा होता. आता लागतो का, ते आम्हांला सांगा.

जय भीम.